दोरीच्या अलीकडचं अर्धं मिनिट

अश्विनी बोरकुटे हिच्यावर अन्याय झाला. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, शेवटच्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या आमच्या मैदानावर, मुलींच्या रग्बी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, दीडेकशे माणसांच्या देखत झाला. ती खापरखेड्याची. वय एकोणीस. त्यांच्या संघात किक मारायचं काम तिचं. मी तेव्हा घड्याळ बघितलं होतं, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगते. हाच मजकूर मी त्या आठवड्यात पत्रक काढून छापला होता आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त अन्याय कोणी केला, ते चुकीचं छापलं होतं.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारे लोक बहुतेक निवृत्त असतात. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि माझ्या कामाला अजून धड नाव नाही. स्पर्धेच्या कागदांवर ‘प्रेक्षक व्यवस्था’ असं लिहितात. मैदानावर मला दोरीवाली ताई म्हणतात, आणि ते जास्त खरं आहे. आमच्या मैदानाला ना गॅलरी, ना कुंपण. खेळाच्या रेषेपासून चार-पाच पावलांवर बांबू रोवून एक दोरी बांधतात. पलीकडे खेळ, अलीकडे लोक. अलीकडचं सगळं माझं. सहा हिवाळे हेच केलं. घसा फुटला, एकदा चप्पल गेली, आणि सक्करदऱ्यातली निम्मी माणसं मला बघितल्याबरोबर आपोआप दोन पावलं मागे सरकतात, किराणा दुकानातसुद्धा.

या कामात मी शिरले ती पत्रकांमुळे. कॉलेजात असताना तलावात सोडलेल्या घाण पाण्यावर आम्ही पत्रकं काढायचो. ‘जागे व्हा!’ असं मोठ्या ठशात, खाली तीन मागण्या, शेवटी चार उद्गारचिन्हं. एका सकाळी मी ती पत्रकं वाटत मैदानावर पोचले तर मुली सराव करत होत्या. त्यांच्या सरांनी पत्रक वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “तुले ओरडता चांगलं येते. रविवारी सामना आहे. लोक मैदानात घुसतात. येशील का दोरी धराले?” मी गेले. आणि तिथेच राहिले.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. नागपुरात रग्बी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “तो हेल्मेटवाला का?” नाही. हेल्मेट नाही. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं. पास फक्त मागे द्यायचा. पुढे दिला की शिट्टी. टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण, त्याला ट्राय म्हणतात. ट्राय झाला की त्याच संघाला एक किक मिळते. दोन उंच खांब असतात आणि मध्ये एक आडवी दांडी. दांडीच्या वरून, खांबांच्या मधून चेंडू गेला की आणखी दोन गुण. आमच्याकडे सात-सात जणींचा खेळ चालतो. त्यात किक मारणारीने चेंडू हातातून खाली सोडायचा आणि तो टप्पा खाऊन उसळतो न उसळतो तोच मारायचा. त्यासाठी तिला अर्धं मिनिट मिळतं.

त्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकांनी चूप राहायचं. दोन्हीकडच्या. हे नियमांच्या पुस्तकात नाही, पण जिथे हा खेळ मुरला आहे तिथली ही रीत आहे. ती समोरच्या संघाची असली, ती चुकल्याने आपण जिंकणार असलो, तरी चूप. तशाच आणखी रीती आहेत. पंचाशी फक्त कॅप्टनने बोलायचं, आणि ‘सर’ म्हणून बोलायचं. दोन्ही गावांच्या लोकांनी मिसळून उभं राहायचं, वेगळे कोपरे करायचे नाहीत. सामना संपला की एका संघाने दोन रांगा करायच्या, दुसऱ्याने त्यातून जायचं, आणि जाणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या. ज्या मुलीने तुम्हाला आत्ता मातीत लोळवलं तिच्यासाठी टाळ्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला. इतकी चांगली गोष्ट आपल्याला कोणी सांगितली कशी नाही, म्हणून राग.

राग आला की मी पत्रक काढते. ‘प्रेक्षकांची दहा कर्तव्ये’ छापून वाटली. लोकांनी त्यावर पोहे ठेवून खाल्ले. तर्रीने कर्तव्य क्रमांक चार पूर्ण वाचता येईनासं झालं. ते पंचाशी अदबीने वागण्याचं होतं.

पंचांचा विषय निघालाच आहे तर ढोबळे काकांना इथेच भेटा. पोस्टातून निवृत्त, रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या. पहिल्या वर्षी त्यांनी रग्बीला ‘धक्काबुक्की’ म्हटलं, दुसऱ्या वर्षी दोरीजवळ उभे राहू लागले, तिसऱ्या वर्षी पंचाला शिकवू लागले. पंचाला ते अंपायर म्हणतात. अजूनही म्हणतात.

“ओ अंपायर! पास पुढे गेला न बाप्पा! चष्मा लावून येत जा!”

“काका, पंचांना असं बोलायचं नाही. फक्त कॅप्टन बोलते.”

“मंग मले कॅप्टन करा.”

“काका, कर्तव्य क्रमांक चार.”

“ते तर्रीत गेलं वं,” काका म्हणाले. “आता पाच सांग.”

असं आमचं चालायचं. मला वाटायचं, माझ्या कामातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हा माणूस. प्रत्येक दोरीवाल्याला एक ढोबळे काका असतात आणि प्रत्येकाला वाटतं की हा उद्या आला नाही तर सगळं सुरळीत होईल.

आता त्या रविवारावर येते.

आमचा सक्करदऱ्याचा संघ बारा, खापरखेडा पाच. वेळ जवळजवळ संपलेली. खापरखेड्याच्या मुलींनी शेवटच्या धावेत ट्राय मारला, बारा-दहा. आता फक्त किक उरली. आत गेली तर बरोबरी आणि जादा वेळ. चुकली तर आम्ही अंतिम सामन्यात. अश्विनी चेंडू घेऊन मागे चालत आली. जागा फार अवघड नव्हती, खांबांच्या जरा उजवीकडे. सकाळच्या पहिल्या सामन्यात तिने तशा तीन आत मारल्या होत्या.

आमच्या लोकांनी सुरू केलं. “चुकनार! चुकनार!” मग कोणीतरी मागून ओरडलं, “ए राखड!” खापरखेड्याला वीज केंद्र आहे, तिथली राख उडून घरांवर, झाडांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्या राखेला आपल्याकडे राखड म्हणतात. नागपुरातल्या घरातला पंखा ज्या विजेवर फिरतो ती देणाऱ्या गावाच्या पोरीला आपण राखड म्हणायचं. दहा-बारा आवाज त्यात मिसळले. “राखड! राखड!” आणि हसणं.

माझं डोकं फिरलं. माझ्या हातात भोंगा होता, त्याच वर्षी घेतलेला, बॅटरीवाला. अश्विनीने चेंडू छातीसमोर धरला. मी भोंगा तोंडाला लावला. तिने चेंडू सोडला. त्याच क्षणी मी ओरडले, “शांत राहा! खेळाडूचा मान राखा!” भोंगा आधी किंचाळला, मग माझा आवाज आला. चेंडू दांडीच्या खालून गेला.

आमचे लोक नाचत मैदानात घुसले. मी दोरी धरून उभी राहिले. दोन-तीन जणांनी येऊन मला सांगितलं, “ताई, तुम्ही तरी बोलल्या.” मला ते पटलं. त्याहून वाईट म्हणजे मला ते आवडलं.

मुलींनी रांगा केल्या, टाळ्या वाजल्या. अश्विनी रांगेतून बाहेर पडली ती दोरीजवळून गेली. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, आवाज मस्त हाये तुमचा.”

मी चक्क ‘धन्यवाद’ म्हटलं.

दोन दिवसांत पत्रक तयार. ‘अश्विनीला न्याय कधी?’ वर तिचं नाव, वार, वेळ. खाली ‘विकृत मनोवृत्ती’, ‘काही ज्येष्ठ प्रेक्षकही’, वगैरे. ज्येष्ठ म्हणजे कोण ते सगळ्या मैदानाला कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढोबळे काका पत्रक आणि मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. रागावलेले नव्हते. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

“बेटा, हे माह्या नातीनं शूटिंग केलं. पाय.”

मी बघितलं. कल्ला, कल्ला, सारखा एका पट्टीतला कल्ला. अश्विनी त्यात अगदी स्थिर. चेंडू हातातून सुटतो. आणि किंकाळी. अश्विनीचा खांदा उडालेला स्पष्ट दिसत होता.

“हा आवाज कोनाचा?” काकांनी विचारलं.

मी मोबाईल त्यांना परत देऊ लागले.

“अन् मी कुठी हाओ ते पाय. हा कोपऱ्यात. मी पोहे खाऊन राहिलो होतो वं! तोंडात घास होता. मी ओरडीन कसा?”

काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला नाही, हे त्यांचे उपकार. मी तो घरी माझ्या फोनवर घेऊन अकरा वेळा बघितला. पाच वर्षं मी लोकांना चूप करायचं काम करत होते, आणि त्या मैदानावर त्या क्षणाला सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मग मी काय केलं? दुसरं पत्रक काढलं. दुसरं काही येतच नव्हतं. ‘माफी!’ असं मथळ्यात, ‘भोंगा माझा होता’ असं खाली. काकांची माफी वेगळ्या चौकटीत. लोकांनी ते पहिल्यापेक्षा जास्त आवडीने वाचलं. पानठेल्यावर एकाने मला थांबवून विचारलं, “ताई, पुढच्या वेळी कोणाची माफी?” मला वाटलं, झालं, चूक कबूल केली, फिटलं.

फिटलं नव्हतं. एप्रिलमध्ये सरांकडून कळलं की अश्विनीने किक सोडली. खेळते, धावते, पाडते, पण ट्राय झाला की चेंडू दुसऱ्या मुलीला देते. ती दुसरी मुलगी चांगली आहे, पण अश्विनीसारखी नाही. “डोक्यात बसलं तिच्या,” सर म्हणाले. “चेंडू सोडला की सारं ध्यान कानाकडे जाते म्हणते.”

एका रविवारी सकाळी मी खापरखेड्याला गेले. दोन बस बदलून. वीज केंद्राच्या कॉलनीच्या मागे मैदान आहे, आमच्यापेक्षा सपाट. कडेच्या झाडांची पानं करडी दिसत होती. मुलींचा आपसातला सामना चालू होता आणि कडेने पंचवीस-तीस माणसं बघत होती. नुकतीच रात्रपाळी संपवून आलेली माणसं, डबा शेजारी, डोळे लाल. सगळी जमिनीवर बसलेली. मी सवयीने दोरी शोधत उभी राहिले. दोरी नव्हतीच.

मागून एकाने हाक मारली, “ओ ताई, खाली बसा न. मांगच्याले दिसत नाही.”

मी बसले. एका मुलीने ट्राय मारला. दुसरी किक मारायला गेली. कोणी काहीही बोललं नाही. कोणी कोणाला चूप केलं नाही. आपण हुकूम न देता इतकी माणसं गप्प असतात हे बघून मला, खरं सांगते, थोडं अपमान झाल्यासारखं वाटलं.

खेळ संपल्यावर अश्विनी बाटली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. माझं पत्रक तिच्यापर्यंत पोचलं होतं.

“वाचलं मी,” ती म्हणाली. “माहं नाव केवढं बारीक अन् ‘माफी’ केवढी मोठी.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “पत्रकसुद्धा चुकलं.”

“जाऊ द्या न.”

“जाऊ द्या कसं? तू किक मारत नाहीस.”

ती बाटलीचं झाकण उघडत, लावत राहिली. मग म्हणाली, “ताई, राखड म्हटल्याचं काही नाही. म्हणजे वाईट वाटते, नाही असं नाही. पन ते कानात येतच नाही. कल्ला असला तं सारी एकच भनभन असते, तिच्यात मारता येते. चूप असलं तं चुपीत मारता येते. तुमी मधातच भोंगा वाजवला न, ते मधात येनं आता दर वेळेस येते. चेंडू सोडला का मी वाट पाहून राहते, आता येईन, आता येईन.”

“भोंगा मी टाकून दिला.”

“हव, पन लोक? लोक कल्ला करतीनच. अन् कोनी ना कोनी चूप करालेही येईन. तुमच्यासारखं.”

मी तिला विचारलं, “मग इथले लोक चूप कसे?”

तिने मागे वळून बघितलं आणि हसली. “थकले हायेत वं माय! अन् बसले हायेत. बसून कोन ओरडते?”

परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत आले. उभा माणूस ओरडतो. त्याचे हात मोकळे, पाय मोकळे, तो पुढे झुकतो, शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो. खाली बसायला सांगितलं की त्याला आधी जागा बघावी लागते, मांडी घालावी लागते, खिशातला मोबाईल सांभाळावा लागतो. त्यात दहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात ओरडायची खुमखुमीही जाते. शिवाय ‘शांत राहा’ म्हटलं की माणसाला वाटतं, ही कोण मला शिकवणारी? पण ‘मागच्याला दिसत नाही’ याच्यावर कोणाकडे उत्तर नसतं. लग्नात, नाटकात, रांगोळीच्या प्रदर्शनात, सगळीकडे आपण ते ऐकलेलं आणि स्वतः म्हटलेलं असतं. त्यात कोणी कोणाला सुधारत नाही, मागच्याला फक्त बघायचं असतं.

हे मी ढोबळे काकांना सांगितलं. एका बाजूची दोरी मी धरली तर दुसऱ्या बाजूला कोणी तरी हवं होतं.

“मले कामावर ठेवून राहिली का?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मंग मी अंपायरले बोलनार नाही. पन मनात बोलीन.”

“मनात चालेल.”

गेल्या हिवाळ्यात आम्ही सुरू केलं. फलक नाही, पत्रक नाही, भोंगा तर नाहीच. ट्राय झाला की किक मारणारी मागे चालत येते. तेवढाच वेळ आमचा. तिने चेंडू छातीसमोर धरायच्या आत सगळं उरकायचं, त्यानंतर आम्ही तोंड उघडायचं नाही. काका दोरीच्या त्या टोकापासून चालत येतात, “बसा गा, बसा बसा, मांगच्याले दिसत नाही,” आणि मी या टोकापासून. मध्ये भेटलो की आम्हीही खाली बसतो. पहिल्या सामन्यात पुढची रांग बसली आणि मागची तशीच उभी. त्यांच्या मागे कोणीच नव्हतं, त्यांनी का बसावं? मग काका मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मले दिसत नाही.” काकांची उंची फार नाही, ही मोठी सोय.

सगळ्यात अवघड गेले ते हिंगण्याच्या संघाचे लोक. कारखान्यातून सुटून मोटरसायकलींवर थेट मैदानात येतात, गाड्या दोरीला चिकटून लावतात आणि त्यांवरूनच सामना बघतात. आपल्या मुलींनी काही चांगलं केलं की हॉर्न. समोरच्या मुलीने चेंडू हातात धरला की आणखी हॉर्न. मी जाऊन म्हटलं, “भाऊ, बसता का? मागच्यांना दिसत नाही.”

“आमी तं बसूनच आहो न ताई!” एक जण म्हणाला, आणि वीस गाड्या हसल्या.

खरंच बसलेले होते. जुनी मी असते तर तिथल्या तिथे ‘हॉर्नशाहीचा निषेध’ लिहायला घेतला असता. काकांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, उलटी धरली आणि पहिल्या मोटरसायकलपाशी गेले.

“चाबी टाक.”

“काहून गा काका?”

“गाडी कोनी नेईन म्हनून. सामन्याच्या नादात ध्यान राहत नाही. मी सांभाळतो.”

त्या पोट्ट्याने काकांकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि किल्ली टाकली. मग दुसऱ्याने. एकाने टाकली नाही, तर बाकीच्यांनीच त्याला सुनावलं, “टाक न बे, तुह्यीच गाडी सोन्याची हाये का?” किल्ली नाही तर त्या गाड्यांचा हॉर्न वाजत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा टोपी भरली होती. रागावलं कोणी नाही. आता हिंगण्याचा सामना असला की ते स्वतःहून विचारतात, “काका, टोपी कुठी हाये?” जगात दुसऱ्या कुठल्या रग्बीच्या मैदानावर ही रीत नसेल. आमची आहे. मला तिचा अभिमान आहे, आणि ती माझ्या डोक्यातून निघाली नाही याचं थोडं दुःखही.

मग या वर्षीचा उपांत्य सामना आला. पुन्हा सक्करदरा आणि खापरखेडा. खापरखेड्याहून या वेळी दोन गाड्या भरून लोक आले होते आणि काकांनी त्यांना आमच्या लोकांत मिसळून बसवलं होतं, एक तुमचा, एक आमचा, पंगतीसारखं. अश्विनी खेळत होती. पहिल्या ट्रायनंतर किक त्या दुसऱ्या मुलीने मारली. आत गेली. दोरीच्या अलीकडून टाळ्या वाजल्या, आमच्या लोकांच्याही. मी अश्विनीकडे बघत होते. ती आमच्याकडे बघत होती. एकेका रांगेवरून नजर फिरवत, जशी आपण परक्या घरात शिरण्याआधी कुत्रा बांधलेला आहे का बघतो.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही चौदा, ते सात. खापरखेड्याने कोपऱ्यात ट्राय मारला. बारा. किक आत गेली तर बरोबरी, म्हणजे तोच प्रसंग. आणि या वेळी जागा वाईट, एकदम कडेला, खांब अगदी तिरके दिसतात तिथून. ती दुसरी मुलगी चेंडूकडे निघाली. अश्विनीने हात पुढे केला. कॅप्टनने चेंडू तिच्या हातात दिला.

“बसा गा, मांगच्याले दिसत नाही.” काका चालू लागले. पण मला चालावंच लागलं नाही. पुढची रांग बसलेलीच होती, मागची बसत होती, आणि एक बाई आपल्या नवऱ्याला शर्ट धरून खाली ओढत होती. मी जागेवरच बसले.

अश्विनीने चेंडू धरला. पलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिने वाट बघितली. शिट्टी थांबली. मग तिने चेंडू सोडला.

चेंडू उंच गेला, सुंदर वळला, डाव्या खांबाच्या आतल्या बाजूला आपटला आणि मागे आला. बाहेर. आम्ही जिंकलो.

एक क्षण कोणीच नाचलं नाही. मग सगळे उठले, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या तिच्यासाठी. आमच्या मुली रांगा करेपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. काकांनी पंचाकडे बघून काहीतरी मनात म्हटलं, ओठ हलले, पण आवाज आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दुःखाचं अजिबात नव्हतं.

अश्विनी रांगेतून बाहेर पडून दोरीजवळ आली. गुडघ्याला माती, कपाळाला घाम, आणि चेहरा हरलेल्या माणसाचा नाही.

“ताई, हा माहा चुकला.”

“हो.”

“मांगचा माहा नव्हता.”

“नव्हता. माझा होता.”

“हव. पन हा पुरा माहा हाये. पाय जरासा आत वळला. कळलं मले. दुरुस्त करता येते.” आणि ती त्या गोष्टीवर इतकी खूश होती, की जणू चेंडू आतच गेला होता. त्यानंतर तिने किक सोडलेली नाही. गेल्या महिन्यात कळलं की संघात पहिली किक पुन्हा तिचीच असते. काही आत जातात, काही चुकतात. सगळ्या तिच्या.

आता तुमच्याशी बोलायचं आहे. मागच्या वर्षी राखड म्हणून ओरडणारे दहा-बारा जण होते, आणि हा अंक आपल्याच भागात वाचला जातो. तुम्ही त्यांपैकी असाल. नसाल तर तुम्ही तिथे उभे राहून हसला असाल. तेही नसेल, तर तुम्ही मुलींचा सामना कधी बघायलाच गेला नसाल, आणि ते काही फार चांगलं नाही. मला माफीचं पत्रक नको आहे. ते प्रकरण मी करून बघितलं आहे. मला तुमची एक सकाळ हवी आहे. या हिवाळ्यातला कोणताही रविवार घ्या, बसने खापरखेड्याला जा, कॉलनीच्या मागच्या मैदानावर त्यांच्या माणसांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसा, आणि अश्विनी चेंडू छातीसमोर धरेल तेव्हा तोंड मिटून बघा. किक आत गेली तरी टाळ्या वाजवा, बाहेर गेली तरी वाजवा. मग घरी या. पण जा.